रफार

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीतल्या एसीच्या घरघरीत घरघर मिसळून
माझं मशीन नावं लिहितं.
दुसऱ्यांच्या मुलांची.
टॉवेलांवर, दुपट्यांवर,
लग्नात वाटायच्या मखमली बटव्यांवर,
एकदा तर ससाण्याच्या डोळ्यांवर घालायच्या टोपीवर.
चामड्यात दोन सुया मोडल्या,
पैसे ठरले तेवढेच मिळाले.

श्रीरंग रात्रपाळी करून येतो
आणि त्या आवाजातच झोपतो.
मशीन थांबलं की जागा होतो.
"काय गं, तुटला दोरा?"

माझ्या कार्डावर, पेशाच्या रकान्यात, 'गृहिणी' आहे.
खोटं नाही ते.
जेवायच्या टेबलावरच चालतं सगळं:
इकडे चौकटीत ताणलेलं कापड,
तिकडे निवडायची राहिलेली मेथी.

मागच्या रमजानात उम्म जासिमनं
गरगाऊनच्या चाळीस पिशव्या सांगितल्या.
त्या रात्री पोरं दारोदार फिरतात,
पिशवीत शेंगदाणे, अक्रोड, गोळ्या,
पिशवीवर ज्याचं त्याचं नाव.
मी पहिली भरली: शेखा.
सोनेरी दोरा, पावणेतीन हजार टाके.
ती आली, बघितलं,
आणि शेला तोंडाशी धरून हसायला लागली.
(तिच्याकडेही त्याला शेलाच म्हणतात.)
अक्षरं बरोबर होती सगळी, पण सुटी सुटी,
भांडण झाल्यासारखी
एकमेकींकडे पाठ करून उभी.
कॉम्प्युटरनं तोडली होती, मला काय कळणार.
"हबीबती," ती म्हणाली,
"आमची अक्षरं हात धरून चालतात."
अकरा पिशव्या उसवल्या त्या रात्री,
सहरीचा ढोल वाजेपर्यंत.
भरण्यापेक्षा उसवणं नाजूक.
कापड विसरत नाही,
भोकं जपून ठेवतं.

तेव्हापासून आधी विचारते.

म्हणून खालचा वॉचमन लोकेंद्र
भर ऑगस्टात लोकरीचा स्वेटर घेऊन वर आला,
सेलमधला, दोन दिनारचा,
माप नऊ वर्षांचं, अंदाजानं,
आणि कुरियरच्या पावतीमागं लिहिलेलं नाव
त्यानं पुढं केलं, तेव्हाही विचारलं.
सिर्जना.
माझ्या मराठी हाताला तो सि खटकला.
सर्जना ना?
"नाही दीदी. सि.
मी अशीच हाक मारतो."
बरं. सि.

पण मशीनमध्ये देवनागरी नाही.
अरबी आठ वळणांची, इंग्रजी साठ,
त्यातलं एक तर फुगलेलं, फुलाफुलांचं,
आणि आपली बाराखडी कुठंच नाही.
मग मीच बसले टाक्यांची अक्षरं आखत,
दोन दुपारी, जुन्या उशीच्या अभ्र्यावर चुकत.
शिरोरेघ आधी घातली,
गच्चीत दोरी बांधून घ्यावी तशी,
आणि एकेक अक्षर खाली वाळत टाकलं.
वेलांटी वळली नीट.
अडला तो रफार.
उच्चार आधी,
आणि बसायला जागा पुढच्याच्या डोक्यावर.
सगळं नाव भरून होतं, काना उतरतो,
मग सुई उचलून मागं उडी मारते
फक्त त्याच्यासाठी.
त्या उडीचा दोरा कापडावर राहतो,
आडवा, सैल.
तो कापायचा असतो.
मी विसरले.

लोकेंद्र संध्याकाळी आला.
नाव बघितलंच नाही त्यानं.
स्वेटर आधी उलटा केला,
पाठीमागच्या गाठींवरून अंगठा फिरवला,
अस्तराचा कागद कडेनं चाचपला,
आणि मान हलवली, परीक्षकासारखी.
"बुटवलला दुकान होतं दीदी.
दोन मशीन. पायाची."
चार वर्षं रोज खाली सलाम करतो हा माणूस,
मी कधी विचारलं नव्हतं.
मग सुलटा केला.
ना-पासून ज-पर्यंत गेलेला तो दोरा
त्याला लगेच दिसला.
मी कात्री शोधेपर्यंत
त्यानं वाकून दातानं तो तोडला,
अगदी मुळापासून,
आणि तोंडातलं सूत बोटानं काढून
खिशात ठेवलं.

मशीन केव्हाचं बंद होतं.
आतून आवाज आला, झोपेतला:
"काय गं, तुटला?"

तोडला, म्हटलं.
झोप तू.